शालनकाकींची साक्ष

"निकमबाई, ह्या जिन्यानं आज माझाच निकाल लावला असता," असं म्हणत फाळके वकील वरच्या पायरीवर टेकले आणि रुमालानं मान पुसायला लागले.

"हेच तर मला कोर्टाला दाखवायचंय," मी म्हटलं. "तुमच्या धापा साक्षीत लिहून घेऊ का?"

"घ्या की. त्याखाली सहीही करतो. आधी पाणी द्या कुणीतरी."

पाणी घेऊन आली ती कांता पोरे. म्हणजे ज्यांना घराबाहेर काढायचा दावा मी लावला होता, त्या भाडेकरूची बायको. साक्ष लिहून घ्यायला कोर्टानं कमिशनर म्हणून पाठवलेला घाडगे नुकताच सनद घेतलेला पोरगेला वकील होता. त्यानं मला हळूच विचारलं, "मॅडम, ह्या कोण? वादीच्या सूनबाई का?"

"प्रतिवादीच्या मंडळी."

"आणि मग ह्या इथं पाणी..."

"कोर्टाचं कोर्टात," मी म्हटलं. "तुम्ही तुमचे कागद काढा."

ह्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी काळा कोट खुंटीला लावून टाकला, फाळके तर गेलेच. पण त्या काळी साताऱ्यात लोक म्हणायचे, घर रिकामं करून पाहिजे असेल तर निकमबाईंकडे जा आणि घरात बसून राहायचं असेल तर फाळक्यांकडे. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. घरमालक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं मिशीला पीळ भरणारा कुणीतरी उभा राहतो. माझ्याकडं यायचे ते निवृत्त मास्तर, विधवा बायका, गुडघे धरून चालणारे म्हातारे. स्वतःच्याच घरातली खोली मागायला ह्यांना तारखांना खेपा घालाव्या लागायच्या, आणि वर लोकांनी ह्यांनाच दुष्ट म्हणायचं! माझं तर टाळकंच फिरायचं.

वामनराव धुमाळ त्यातलेच. एस.टी.त कंट्रोलर होते. चिमणपुऱ्यात वडिलांनी बांधलेलं लहानसं माडीचं घर. खाली दोन खोल्या, त्यात गजानन पोरे शिंपी आपल्या कुटुंबासह राहायचा. वर वामनराव आणि त्यांच्या पत्नी शालनकाकी. वर जायला तो जिना. दोन भिंतींच्या मधून चढणारा, अंग चोरून जावं इतका अरुंद आणि मध्येच काटकोनात वळणारा. काकींचा खुबा मोडला, दवाखान्यातून चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून वर आणलं, आणि तेव्हापासून त्या वरच. खिडकी मागच्या बाजूला, समोर शेजाऱ्याची भिंत. बाईनं रस्ता म्हणून पाहिला नव्हता.

मी दावा लावला तो ह्याच मुद्द्यावर. मालकाला स्वतःसाठी जागेची खरी गरज आहे, खालच्या खोल्या मिळाल्या तर काकींना दारात बसता येईल, ऊन खाता येईल, चार माणसं दिसतील. दाव्यात कच्चं काही नव्हतं. फक्त एक गोष्ट होती. नुसती गरज दाखवून भागत नाही, मग कोर्ट तराजू धरतं. मालकाला जागा नाही मिळाली तर त्याचे हाल जास्त, की भाडेकरूला काढलं तर त्याचे? फाळके त्या तराजूतले मुरलेले. त्यांनी पोरेच्या बाजूनं लिहून दिलं होतं की हा माणूस पुढच्या खोलीत मशीन टाकून लग्नाचे कपडे शिवतो, गिऱ्हाईक ह्या दारालाच ओळखतं, आणि धुमाळांच्या घरी वर्षानुवर्षं ह्याच कुटुंबाची मदत आहे.

पोरे बोलायला कमी. त्याची एक कहाणी मात्र सगळ्या पेठेला ठाऊक होती. त्याच्या वडिलांना कोरेगावात असताना घरमालक म्हणाला, महिनाभर बाहेर राहा, कौलं बदलून घेतो. ते गेले. परत आले तर दाराला दुसऱ्याचं कुलूप. तेव्हापासून पोरे घराण्यात एक गोष्ट लहान पोरांनाही शिकवलेली होती, ताबा एका दिवसासाठीसुद्धा सोडायचा नाही. मी मध्यस्थीनं सुचवून पाहिलं होतं, खालीवर अदलाबदल करा. पोरे नुसता मान हलवायचा. "वर जायचं म्हणजे खालचं सोडायचं," एवढंच म्हणायचा.

अंथरुणाला खिळलेल्या साक्षीदाराला कोर्टात ओढत नेत नाहीत. कोर्ट एखाद्या वकिलाला कमिशनर नेमतं, तो घरी येतो, दोन्ही बाजूंचे वकील येतात, आणि साक्ष तिथंच लिहून घेतली जाते. काकींचं म्हणणं शपथपत्रावर आधीच गेलं होतं. राहिला होता फाळक्यांचा उलटतपास. आठवडाभर आधी मी काकींना नीट बजावलं होतं, "हे बघा, प्रश्न आला की हो नाहीतर नाही. गोष्टी सांगायच्या नाहीत. काळजी कोण घेतं विचारलं तर यजमान म्हणायचं." त्यात खोटं काही नव्हतं. स्वयंपाक आणि औषधपाणी वामनरावच बघायचे. काकींनी मान डोलावली होती.

आता त्या पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. अंगावर धुवट नऊवारी, डोक्यावर पदर. पदर इतका व्यवस्थित की जणू त्याला टाके घातलेत. वामनराव उशाशी उभे. पोरे दाराजवळ जमिनीवर बसला होता. कांता कपबशा घेऊन आली, सगळ्यांना चहा दिला, फाळक्यांना आणि मलाही, आणि जाऊन नवऱ्याच्या मागं उभी राहिली.

घाडगेनं शपथ दिली. फाळक्यांनी घसा साफ केला.

"शालनबाई, वय काय तुमचं?"

"सत्तरीच्या पुढं. नक्की आईला ठाऊक, आणि ती आता सांगायला यायची नाही."

घाडगे हसला आणि एकदम गप्प झाला.

"हे गजानन पोरे आणि त्यांची बायको, ह्यांच्याशी तुमचं भांडण आहे का?"

"छे! भांडण कशाचं?"

"कधी वाकडं बोलले?"

"नाही हो."

"सकाळी तुम्हाला उठवून बसवतं कोण?"

काकींनी माझ्याकडं पाहिलं. मग दाराकडं पाहिलं. मी मनातल्या मनात म्हणत होते, यजमान म्हणा, यजमान म्हणा.

"कांता," त्या म्हणाल्या.

"अंघोळ?"

"कांताच. यजमानांना उचलवत नाही आता. तीच कुशीवर वळवते, पाठ पुसते, पावडर लावते. पाठीला एक जखम झाली नाही आजवर, बघा."

घाडगेचा पेन भराभर चालला होता. एवढ्या वर्षांत साक्षीदार फिरलेले पाहिले, घाबरलेले पाहिले, पण स्वतःच्याच दाव्यावर असं शांतपणे पाणी ओतणारी बाई पहिल्यांदा बघत होते.

फाळक्यांनी आवाज खाली आणला. पक्कं सावज दिसलं की ते असंच मऊ बोलायचे.

"म्हणजे कांता हे घर सोडून गेली तर तुमचे हाल होतील. खरं ना?"

"खरं."

"तुमचा दावा मंजूर झाला की ती जाणारच. हेही खरं?"

"जाणारच की."

"मग शालनबाई, जिच्या जिवावर तुम्ही उठताबसता, तिलाच बाहेर काढायचा खटाटोप कशासाठी? दारात बसून ऊन खाण्यासाठी?"

"हरकत आहे," मी ओरडले. "हा प्रश्न नाही, हे भाषण आहे."

"थांबा बाई," काकी म्हणाल्या. मला म्हणाल्या, फाळक्यांना नाही. "विचारू द्या त्यांना. बरोबर विचारतायत. ऊनबीन काही नकोय मला. ते ह्यांनी सांगितलं आणि तुम्ही लिहिलंत. मी सही केली."

"मग काय पाहिजे?" फाळके म्हणाले.

"मला खाली मरायचंय."

वामनराव एकदम वाकले. "शालन, काय बोलतेस हे?"

"बोलू द्या. देवाची शपथ घेतलीय." त्यांनी पदर पुन्हा सारखा केला. "लिहा हो पोरा, हळूहळू सांगते. माझ्या सासूबाई, आत्याबाई म्हणायचो आम्ही, ह्याच खोलीत गेल्या. पावसाचे दिवस होते. अंगणात ताटी बांधली. पण त्यांना खाली न्यायचं कसं? जिना तुम्ही पाहिलात. आडवं माणूस त्या वळणावर वळत नाही. मग पुरुषांनी काय केलं, त्यांना चादरीत गुंडाळलं आणि उभं केलं. मेलेल्या बाईला उभं केलं. दोघांनी वरून काखेत धरलं, दोघांनी खालून पाय. वळणावर अडकल्या. ओढलं तर डोकं भिंतीवर आपटलं. सगळ्यांनी ऐकलं ते. मी खाली कंदील धरून होते, मीही ऐकलं. चादर सुटली. लुगडं पार गुडघ्यांच्या वर गेलं."

त्या थांबल्या. कांतानं पाण्याचा पेला पुढं केला. तो त्यांनी घेतला नाही.

"त्या बाईनं उभ्या जन्मात दिरासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. आणि गल्लीतले बाप्ये ते बघत होते. त्यांचा काय दोष, हात मोकळे कुणाचे होते? मीच कंदील फिरवला दुसरीकडं. तर ते पायरीवरचे ओरडले, अगं उजेड धर, उजेड धर! मग परत धरला."

वामनरावांनी पलंगाचा दांडा पकडला होता. "ते अजून तुझ्या मनात आहे?"

"तुमच्या नाही?"

काखेत धरणाऱ्या दोघांत एक तेच होते, हे मला त्यांच्या तोंडावरून कळलं.

"खुबा मोडून मला वर आणलं," काकी म्हणाल्या, "त्या दिवसापासून मला झोप नाही. मरणाचं भय नाही हो. मरायचं तर आहेच. पण मला उभं करून नेतील. माझं असं होऊ नये. मला खाली, भुईवर, आडवं जायचंय आणि दारातनं सरळ बाहेर निघायचंय. बाकी ती जागा मला काय करायचीय?"

घाडगेचा पेन थांबला होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "लिहा. सगळं लिहा."

फाळक्यांनी हातातले कागद मिटले होते. तरी त्यांनी विचारलंच, पण आता वकील म्हणून नाही. "काकी, एवढंच होतं तर ह्या गजाननला विचारायचं होतं. दावा कशाला?"

"त्याला विचारलं असतं तर तो नाही म्हणाला नसता," काकी म्हणाल्या. "म्हणून तर नाही विचारलं. त्याची पोरगी लग्नाची. त्या खोलीत तो नवरीचे कपडे शिवतो. तिथं मढं पडलं, दारात ताटी बांधली, तर उद्या कोण नवरीचं कापड घेऊन येईल? आणि असं कसं मागायचं एखाद्याला, की बाबा तुझ्या घरात मला मरू दे म्हणून? लाज नाही वाटत? ह्यांना जागेचं वेड होतंच, म्हणाले दावा लावतो. मी म्हटलं लावा. कोर्टात त्याला नाही म्हणता येतं. वकील देता येतो. तिथं जे होईल ते होईल, कुणाच्या भिडेनं होणार नाही."

साक्षीदारापुढं वकिलानं रडायचं नसतं म्हणून मी खिडकीकडं गेले. समोर शेजाऱ्याची भिंत होती, दुसरं काहीच नाही.

"उलटतपास संपला," फाळके म्हणाले.

घाडगेनं साक्ष वाचून दाखवली, काकींनी सही केली, सगळं रीतसर झालं. आम्ही उठायला लागलो तेव्हा पोरे उभा राहिला. तो फाळक्यांकडं गेला नाही. माझ्यासमोर येऊन थांबला.

"वकीलबाई, एक विचारू? काकींना खाली आणलं, माझ्या खोलीत ठेवलं, तर माझी जागा जाईल?"

"मी धुमाळांची वकील. मला विचारू नका. तुमचे वकील हे उभे आहेत."

"त्यांना विचारतोच. पण उद्या कोर्टात बोलणार तुम्ही. म्हणून तुम्हाला आधी विचारलं."

फाळके मध्ये आले. "पोरे, वेडेपणा करू नका. एक दिवससुद्धा नाही. मालकाची बायको त्या खोलीत राहायला आली म्हणजे ताबा गेला. ह्याच बाई उद्या उठून म्हणतील, भाडेकरूनं आपखुशीनं जागा मोकळी करून दिली. काय निकमबाई, म्हणाल की नाही?"

सगळे माझ्याकडं बघत होते. काकीसुद्धा.

"म्हणेन," मी म्हटलं. "माझं कामच ते आहे. पोरे, तुमचे वकील तुम्हाला बरोबर सल्ला देतायत."

पोरेनं दोघांचं ऐकून घेतलं. त्याच्या डोक्यात काय चाललं होतं ते सांगायला नको, कोरेगावचं ते कुलूप मलाही दिसत होतं. त्यानं कांताकडं पाहिलं. तिनं पदरानं डोळे पुसले.

"कांता," तो म्हणाला, "खाली जा आणि मशीन भिंतीला सरकव. कपाटावरचं कापड आत टाक."

"पोरे!" फाळके म्हणाले.

"तुमचं बरोबर आहे साहेब. जागा गेली तर गेली. पण रोज खालनं हा जिना माझ्या डोळ्यांपुढं असतो. हे ऐकल्यावर आता मी तिथं बसून काजं करू?"

"गजा, अरे नको," काकी म्हणाल्या. "म्हणूनच मी तोंड उघडत नव्हते. तुझी पोरगी..."

"पोरीचं बघू. काका, खुर्ची कुठाय?"

वामनरावांनी खुर्ची आणली. काकींना धोतराच्या पंच्यानं खुर्चीला बांधलं. पोरे खालच्या बाजूला, उलटा, पाठीनं पायऱ्या उतरत. वामनराव आणि घाडगे वरून. कमिशनरनं पक्षकाराची खुर्ची धरायची का, असा त्याला एक क्षण प्रश्न पडला असावा, पण त्यानं विचारला नाही. वळणावर खुर्चीचा पाय भिंतीत अडकला. काकींनी डोळे घट्ट मिटले आणि दोन्ही हातांनी पदर डोक्यावर धरला. पोरेनं खांदा लावला, खुर्ची तिरकी केली आणि हळूहळू, एकेक पायरी, त्यांना खाली उतरवलं. मागून मी उशी आणि वाकळ घेऊन येत होते. माझ्या मागं फाळके होते. त्यांच्या हातात काकींचं लघवीचं भांडं होतं आणि चेहरा असा की कुणी हसलं तर त्याच्यावर नोटीस काढतील.

पुढच्या खोलीत कांतानं सतरंजी अंथरली होती. काकींना तिच्यावर निजवलं. उघड्या दारातून रस्ता दिसत होता, एक बाई दळण डोक्यावर घेऊन चालली होती. काकी तिच्याकडं बघत राहिल्या.

"कोण गं ही? ओळखू येत नाही," त्या म्हणाल्या.

"नवीन आल्यात, कोपऱ्यावर," कांता म्हणाली.

मरायला खाली आलेली बाई त्यानंतर पावसाळा आणि हिवाळा दोन्ही जगली. पोरेच्या मशीनच्या बाजूला गादी टाकली होती. मी कधी गेले तर काकी पोलक्यांना हुक लावत बसलेल्या दिसायच्या, आणि गिऱ्हाइकांशी अशा बोलायच्या की दुकान ह्यांचंच आहे. पेठेतल्या दोनचार बायकांनी नाकं मुरडली, कपडे दुसरीकडं टाकले. कांता म्हणायची, जाऊ दे, जाणारे जातात. वामनराव जेवायलाही खालीच यायला लागले. पोरेशी बोलायला त्यांना अवघड वाटायचं, म्हणून ते त्याच्या पोरीशी बोलायचे.

दावा पडून होता. त्या दिवसाचा उपयोग मी करून घेतला नाही आणि फाळक्यांनी तो विषय काढला नाही. तारीख आली की कधी मी मुदत मागायची, कधी ते. कोर्टालाच नवल वाटायचं. फाळके बारमध्ये भेटले की हळूच विचारायचे, "बाईंची तब्येत कशी?" माझ्या पक्षकाराची चौकशी विरुद्ध बाजूचा वकील करतोय, असं मी माझ्या उभ्या वकिलीत दुसरं पाहिलं नाही.

गुढीपाडवा झाला आणि एका दुपारी काकी गेल्या. कांता त्यांना पेज भरवत होती. दोन घास घेतले, तिसऱ्याला मान फिरवली, एवढंच. मी पोचले तेव्हा गल्लीत माणसं जमली होती. ताटी दारासमोर बांधली. कांतानं आणि दोन बायकांनी काकींना अंघोळ घातली, हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. मग पुरुष आत गेले. काकी आडव्या होत्या, तशाच आडव्या उचलल्या गेल्या, आणि दारातून सरळ बाहेर आल्या. डोक्यावरचा पदर जसाच्या तसा होता. वामनराव विस्तव घेऊन पुढं झाले. पोरेनं खांदा दिला.

आता खरं सांगायचं ते ह्यापुढचं आहे.

तेरावं होऊन गेल्यावर तारीख पडली. वामनराव आले होते, डोकं केलेलं, टोपी हातात. पोरेही आला होता, मागच्या बाकावर. न्यायाधीश नवीन बदलून आलेले. पुकारा झाला तसे फाळके उठले. ते काय करणार हे मला ठाऊक होतं, मी त्यांच्या जागी असते तर तेच केलं असतं. जिच्यासाठी जागा मागितली ती बाई राहिली नाही, म्हणजे गरज राहिली नाही, म्हणजे दावा राहिला नाही. आणि ते करताना त्यांना आपल्या पक्षकाराला जपायचं होतं. त्यांनी लिहून आणलेला अर्ज मोठ्यानं वाचला.

"वादीच्या पत्नी शालन वामनराव धुमाळ ह्या दाव्यातील मिळकतीच्या वरच्या मजल्यावर, वादीच्या ताब्यातील जागेत वास्तव्यास असताना मयत झाल्या. सबब वादीची गरज..."

"तसं नाही, साहेब."

सगळ्यांनी मागं वळून पाहिलं. पोरे उभा होता.

"तुम्ही कोण?" न्यायाधीशांनी विचारलं.

"मी गजानन पोरे. भाडेकरू. प्रतिवादी."

"तुमचे वकील बोलतायत ना? मग?"

"ते चुकीचं वाचतायत साहेब. काकी वर नाही गेल्या. खाली गेल्या."

"पोरे, बसा," फाळके दातांतून म्हणाले. "बसा म्हणतो ना."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "खाली म्हणजे? ज्या जागेचा हा दावा आहे, तिथं?"

"हो साहेब. पुढच्या खोलीत."

"वादीच्या पत्नी तुमच्या खोलीत राहत होत्या?"

"हो."

"हे बघा, नीट विचार करून सांगा. म्हणजे त्या खोलीचा ताबा तुम्ही वादींना दिला होता, असं तुमचं म्हणणं आहे?"

फाळक्यांनी डोळे मिटले. पोरेला प्रश्न कळला नाही असं कुणी समजू नये. बापाच्या वेळेपासून ज्या एका शब्दाला तो भीत आला होता, तोच त्याच्यासमोर ठेवला होता. त्यानं समोरच्या बाकाची पाठ हातानं धरली.

"दिला होता साहेब," तो म्हणाला. "काकी स्वतःच्या खोलीत गेल्या. त्यांना आडवं नेलं, दारातनं, सरळ. जिन्यावरनं नाही नेलं. वरच्या मजल्यावर गेल्या असं कागदावर राहिलं तर उद्या कुणी म्हणेल, जिन्यावरनं नेली असेल. तेवढं लिहू नका. बाकी काय लिहायचं ते लिहा."

न्यायाधीशांनी माझ्याकडं पाहिलं. "वादीतर्फे?"

मी उठले. प्रतिवादीनं भर कोर्टात ताबा दिल्याची कबुली दिली होती. असं वर्षातून एकदा नाही, वकिलाच्या उभ्या जन्मात एकदा घडतं. 'कबुली नोंदवून घ्यावी' हे शब्द माझ्या तोंडाशी आले होते. तेवढ्यात कुणीतरी माझा गाऊन ओढला. वामनराव होते.

"बाई, बसा तुम्ही," ते म्हणाले, आणि स्वतः उभे राहिले.

"वादी आपणच का? बोला."

वामनरावांनी टोपी ह्या हातातून त्या हातात घेतली. "साहेब, मला जागाबिगा काही नको. दावा काढून टाका. फक्त गजा म्हणतोय तेवढं लिहा."

"काय लिहू?"

"ती खाली गेली म्हणून."

न्यायाधीशांनी दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. मग टंकलेखकाकडं वळून त्यांनी सांगायला सुरुवात केली. वादी दावा मागं घेत आहेत. वादीच्या पत्नी तळमजल्यावरील दाव्यातील खोलीत मयत झाल्या, हे उभय पक्षांना मान्य आहे.

यंत्र खडखडत होतं तोवर वामनराव पुढं उभे होते आणि पोरे मागं उभा होता. लिहून झाल्याचं कळल्यावर दोघं खाली बसले.